पाठीत सुई, खांद्यावर सासूबाई

ती. ताईस,

एका हाताने नमस्कार. दुसरा हात तुझ्या भाचीच्या डोक्याखाली अडकलाय, तेव्हा राग मानू नकोस. तुझी तब्येत कशी आहे? पायांवरची सूज उतरली का? भावोजींना सांग, गर्भार बायकोसमोर दिवसभर सुतकी चेहरा करून बसणं याला सेवा म्हणत नाहीत. (तुझे मेहुणे, म्हणजे आमचे हे, तेही त्याच पंथातले. दुकानात कुठलीही सायकल सरळ करतात, पण स्वतःचा चेहरा त्यांना सरळ करता येत नाही.) आम्ही इकडे मजेत आहोत. बाळाचं नाक आपल्या घरचं आहे आणि राग सासूबाईंचा.

तर सगळं पहिल्यापासून सांगते. कळा कमी करायला काय घ्यायचं ते आधीच ठरवा, असं डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. ऐकू येणाऱ्या बायकांचं बरं असतं, त्यांनी फक्त दुखण्याचा विचार करायचा. तुझ्यामाझ्यासारख्या बहिऱ्यांना आधी हातांचा विचार करावा लागतो. कळ आली की हुंगायचा वायू घ्यावा, तर त्याची नळी आपणच तोंडाशी धरायची, म्हणजे बोलायचा एक हात गेला. (एका हाताने मी तक्रार करू शकते, भांडू शकत नाही.) गुंगीचं इंजेक्शन घ्यावं, तर डोळे मिटणार, आणि आपले डोळे मिटले की कानही मिटले. राहिली पाठीत सुई घालून देतात ती भूल. त्यात कमरेखाली बधीर, वर दोन्ही हात मोकळे आणि डोकं जागं. मी म्हटलं, हीच माझी.

पण भूल देणारे डॉक्टर तयार होईनात. (खुणेच्या भाषेत मी त्यांचं नाव नाकावरचा चष्मा ढकलणे असं ठेवलंय, कारण ते दुसरं काही करतच नाहीत.) आधी ते सगळं तुझ्या मेहुण्यांकडे बघून बोलले. मेहुण्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे कागद पुढे आला. त्यांचं म्हणणं असं, की सुई घालताना मी पाठीमागे असतो, मी सांगितलं की पेशंटने जराही हलायचं नाही, आणि तुम्हाला तर ऐकूच येत नाही. त्यापेक्षा गुंगीचं इंजेक्शन घ्या, अडलंच तर पूर्ण भूल देऊ, ते सोपं पडेल. कुणाला सोपं, ते काही लिहिलं नव्हतं.

ताई, मला तेव्हा तूच आठवलीस. पहिल्या खेपेला तुला कुणी काही विचारलं नाही, सरळ झोपवलं, आणि तू जागी झालीस तेव्हा तुझ्या लेकाला शेजाऱ्यांनीसुद्धा पाहून झालं होतं. तू त्याबद्दल कधी बोलत नाहीस, पण मला माहीत आहे. मला माझं बाळ सगळ्यांच्या आधी बघायचं होतं. मी त्याच कागदावर लिहिलं, "मला ऐकू येत नाही, पण हात लावलेला कळतो." डॉक्टर चष्मा ढकलून हसले. मग आम्ही खुणा ठरवल्या. कुणीतरी माझ्यासमोर बसायचं. खांद्यावर थाप पडली की मी दगड. गुडघ्यावर हात फिरला की मी मोकळी.

समोर कोण बसणार? तुझे मेहुणे सुई बघून आडवे होतात, म्हणून सासूबाईंनी स्वतःची नेमणूक करून टाकली. तालीम त्यांच्या पार्लरमध्येच झाली. मी स्टुलावर उशी कवटाळून वाकलेली, मेहुणे मागे सुई म्हणून सायकलचा पंप धरून, सासूबाई पुढे. खुर्चीतली गिऱ्हाइकं विचारत होती, ही केसांची कुठली नवी ट्रीटमेंट.

प्रत्यक्ष दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. कळा कशा असतात ते तुला सांगायला नको. पाठीला गार काहीतरी लागलं, खांद्यावर थाप पडली, मी दगड झाले. सुई गेली, पट्टी लागली, काम फत्ते. पण माझ्या डोळ्यांत पाणी बघून सासूबाईंचं काळीज हललं. केस कापून झाले की गिऱ्हाइकाचा खांदा थोपटायची त्यांना जन्माची सवय, त्यांनी मायेने मला थोपटायला सुरुवात केली. आता थाप म्हणजे दगड. मी काय करणार? कळ आली तरी हलले नाही. डॉक्टर पुढे येऊन डोळ्यांसमोर बोटं नाचवू लागले, मी पापणी लववली नाही, कारण मला अजून कुणी सोडलंच नव्हतं. भूल वर चढली की काय, म्हणून ते पांढरेफटक पडले. ते घाबरले म्हणून सासूबाई घाबरल्या, आणि घाबरून आणखी जोरात थोपटू लागल्या. शेवटी माझा संयम संपला. दोन्ही हात वर करून मी खुणेने म्हटलं, "आई, आधी तो हात काढा." त्यांनी ओशाळून ते डॉक्टरांना बोलून दाखवलं, तेव्हा ते खुर्चीत बसून पोट धरून हसले.

पुढे कळांचं नुसतं ओझं उरलं आणि मी सगळा वेळ गप्पा मारल्या. आणि मग ती आली. सगळ्यांच्या आधी मी पाहिली, ताई. ओली, लाल, भयंकर चिडलेली. छातीवर ठेवली तेव्हा तिचं रडणं मला छातीत जाणवलं. मी इतकी खूश होते की रडतच सुटले, आणि मला कुणी थोपटलं नाही.

भावोजींना नमस्कार, भाच्याला पापा.

तुझीच,
धाकटी

ता. क. वर सगळं गुलाबी लिहिलंय, पण डाव्या बाजूला तळहाताएवढी जागा बधीर झालीच नव्हती. एवढं भांडून मिळवलेलं, आता कुरकुर कशी करायची, म्हणून मी आधी गप्प बसले. मूर्खपणा होता. सांगितल्यावर डॉक्टरांनी ते लगेच ठीक केलं.

ता. क. २. न विचारता एक उद्योग केलाय. पुढच्या आठवड्यात चष्मेवाल्या डॉक्टरांनी तुला भेटायला बोलावलंय. सुईच घे असं मी म्हणत नाही. वायू घे, नाहीतर काहीच घेऊ नकोस, पण या वेळी ठरवायचं तू. सोबतीला मी येईन. (सासूबाई मागून हे वाचतायत आणि म्हणतायत, समोर मीच बसणार. हात मांडीखाली दाबून बसायचा सराव त्यांनी सुरू केलाय.) तू फक्त हो म्हण. या वेळी तुझं बाळ आधी तू बघ, मग आम्हाला दाखव.