वाळूखालचे खडप

बाबा,

तुमचा शिशाचा गोळा मी अद्याप जपून ठेवला आहे. त्याच्या बुडाला साबण चोपडून तुम्ही तो दोरीने समुद्रतळाशी सोडीत असा आणि वर आल्यावर प्रथम साबण पाहत असा. वाळू चिकटलेली असली की होडी वळवायची. नुसते ओरखडे असले की खाली खडप, म्हणजे खडकाळ तळ, उघडे आहे, गळ टाकायचे. दीपगृह आणि डोंगरावरचा एकटा वड एका रेषेत आणून ती जागा तुम्ही मला दाखविलीत, त्या दिवशी तांबोशी माशांनी टोपली भरली होती. "कोणाला बोललास तर याद राख," तुम्ही म्हणालात. "पोटात ठेव. बायकोला पण नाय."

मी ठेवली. परंतु गेल्या भाद्रपदात कॉलेजातील एक मुलगी मला होडीवर बोलावून घेऊन गेली. ती आपल्या खाडीमुखापुढच्या समुद्रतळाचा नकाशा करते: वाळू कोठे, चिखल कोठे, खडक कोठे, आणि ऋतूप्रमाणे त्यांत काय बदलते. बंदरातून उपसलेला गाळ नुसती वाळू असेल तेथे टाकावयाचा आहे. तिच्या यंत्रात तुमची जागा सपाट पिवळी, म्हणजे नुसती वाळू, दिसत होती. "आजोबा, पावसाळ्यात वाळू सरकून खडक झाकला जातो, ते आम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "पण नेमका कुठे, ते तुम्ही सांगा. नाहीतर गाळ इथेच पडेल." मी दीपगृहाकडे पाहिले, वडाकडे पाहिले आणि बोट दाखविले. बाबा, तुमची आज्ञा मी मोडली, आणि तसाच प्रसंग आला तर पुन्हा मोडीन. गाळाखाली गेलेले खडप पोटात ठेवून मी काय करणार होतो?

माघात आम्ही पुन्हा गेलो. मी साबण चोपडू लागताच ती हसली. "आजोबा, कॅमेरा आहे ना आपल्याकडे!" "तुझा तू सोड, माझा मी सोडतो," मी सांगितले. माझ्या साबणावर ओरखडे आले. तिच्या पडद्यावर पंख्यासारखी जांभळी पोवळी डोलत आहेत आणि त्यांच्यामधून तांबोशी संथपणे फिरत आहेत. तुम्ही जन्मभर हाताने ओळखलेली जागा मी डोळ्यांनी पाहतो आहे. आता नकाशात तेथे व भोवताली गाळ टाकण्यास मनाईचा लाल रंग आहे. गाळ दुसरीकडे जाईल. मी चौथी उत्तीर्ण आहे. नकाशावरील अक्षरे मी स्वतः वाचली.

"आणखी कुठे खडक आहे का?" तिने विचारले. "नाही," मी म्हणालो. दक्षिणेकडचे तुमचे लहान खडप त्याच लाल रंगाच्या आत आले आहे. त्याला धोका नाही, म्हणून ते मी सांगितले नाही. ती मुलगी अधूनमधून चहाला येते आणि समोर दिसेल तो कागद वाचते. तेव्हा हे पत्र आज चुलीत जाईल.