सौसरच्या मास्तरांचा नंबर

२३ ऑगस्ट २०२५
सकाळी सव्वासहाला फोन. वसुलीवाला! आज गोटमारीची जत्रा, अख्खं पांढुर्णा बंद, पण हा सुरू. पिको मशीनच्या कर्जाचे दोन हप्ते थकलेत, मला ठाऊक आहे. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर — शिवणार कशाने? तसं सांगितलं तर म्हणतो, "नाटकं करून राहिली काय?" असा संताप आला! हात धड असता तर फोन भिंतीवर आपटला असता.

२५ ऑगस्ट
घात झाला. त्याने सौसरला यशवंतराव मास्तरांना फोन केला. "तुमची विहीण पैसे बुडवून राहिली." सुमेधने करुणाला सांगितलं, तिने मला. मास्तरांच्या सुमेधशी माझ्या करुणाचं जमलंय, पण साखरपुडा व्हायचाय. म्हणजे मी अजून कुणाची विहीणही नाही!

चूक माझीच. कर्जाच्या फॉर्मवर ओळखीच्या दोघांची नावं मागितली होती. पहिलं भावाचं लिहिलं. दुसरं ऐटीत मास्तरांचं — नातं: व्याही. मशीनवाला म्हणाला होता, "मास्तरचं नाव असन तं लवकर पास होते." पण खरं म्हणजे मला मिरवायचं होतं. मिरवलं!

२६ ऑगस्ट
करुणा जेवली नाही.

२८ ऑगस्ट
शेजारच्या वैशालीकडे गेले. बँकेत कॅशियर आहे. म्हणाली, "काकू, सकाळी आठच्या आधी अन् संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही. अन् ओळखीसाठी नाव दिलं म्हणजे मास्तर काही जामीन झाले नाहीत. त्याहीले तुमच्या कर्जाचं सांगाचं कामच नाही." मला जरा धीर आला, तोच विचारते, "पण हात मोडला तवा तुम्ही कंपनीले कळवलं काय?"

नाही कळवलं. फोन उचलणंच बंद केलं होतं. ते मात्र माझं चुकलं.

दोघींनी बसून तक्रारीचा अर्ज लिहिला. फोनच्या तारखा, वेळा, डॉक्टरांची चिठ्ठी. महिना किती भरू शकते तेही लिहायला लावलं तिने. महिनाभरात कंपनीने दाद दिली नाही तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं म्हणे. फुकट!

१ सप्टेंबर
वसुलीवाला दारात उभा! ओळखपत्र मागितलं.
"आजवर कोणी नाही मांगतलं."
"मी मांगून राहिली ना."
ना ओळखपत्र, ना कंपनीचं पत्र. वर म्हणतो, पाचशे तरी रोख द्या. पावतीशिवाय रुपयाही मिळणार नाही म्हटलं. गेला. तो गल्लीबाहेर पडेपर्यंत मी दारातून हलले नाही.

९ सप्टेंबर
कंपनीचं उत्तर आलं. माफी मागितली, माणूस बदलला, थकलेले हप्ते चार महिन्यांत भरायची सवलत दिली. पहिला भाग आजच भरला, पावती घेतली.

सौसरहून मात्र काहीच नाही. मास्तरांची माफी मागायला दोनदा फोन लावला, उचलला नाही. आता कंपनीचं माफीपत्र दाखवून तरी काय उपयोग? माझ्यावर कर्ज आहे हे तर खरंच. करुणा म्हणते, "मोडलं तं मोडलं, आई." आणि मागच्या खोलीत जाऊन रडते. मला माझीच चीड येते.

१५ सप्टेंबर
काही नाही. प्लास्टर निघाल्यापासून चार ब्लाउज झाले.

१८ सप्टेंबर
दुपारी अनोळखी नंबर. कुणी बाई, हिंदीत. दुसरीच कर्ज कंपनी! "सौसर के यशवंतराव जी ने परसों लोन का फॉर्म भरा है. पहचान के लिए आपका नंबर दिया है."
लोन कशासाठी, विचारलं.
"बेटे की शादी."
आणि नातं काय लिहिलंय?
"समधन."
हो म्हटलं. विहीण मीच.
फोन तसाच हातात धरून मागच्या खोलीत करुणाकडे गेले.