एकशे दोन आणि दोन रेघा

१ नोव्हेंबर १९३८, मंगळवार. दवनीवाडा.
आजपासून रोजनिशी. कारण: आईला ताप. गोंदियाचा बारा दिवसांचा शुश्रूषा वर्ग पूर्ण करून सर्टिफिकेट मिळवलेला या गावात मी एकटाच आहे. (दुसरा कुणी गेला नव्हता.) चार्ट आखून भिंतीवर लावला. नवा थर्मामीटर डबीतून काढला. जिभेखाली, दोन मिनिटे. एकशे दोन आणि दोन रेघा. आई हुडहुडत होती, तरी विचारत होती की ही काचेची कांडी गिळली तर पोरा तू काय करशील.
निश्चय: टेंपरेचर नॉर्मल झाल्याशिवाय पेशंट खाटेवरून उठणार नाही. मग कुणीही काहीही म्हणो.

२ नोव्हेंबर
सौंदडहून जावई नंदलाल यांचे कार्ड. धाकटी बहीण शामकला हिचे दिवस भरत आले. मागच्या खेपेचे बाळ जगले नाही, म्हणून या वेळी आईने जवळ असावे. आठ दिवसांत या. कार्डात ऱ्हस्वदीर्घाच्या पाच चुका. आई ऐकताच उठून बसली. परत निजवली.
पोस्टातून कुनैनच्या पुड्या आणल्या. हवा खेळती राहावी म्हणून खिडकी उघडली. बाबांनी लावली. मी उघडली. असे सात वेळा. शेवटी उघडी राहिली, कारण बाबा बांधीत धान कापायला गेले.

४ नोव्हेंबर, सकाळी ७
रात्री आईला दरदरून घाम. आता अंग हाताला थंड लागते, पण हात म्हणजे साधन नव्हे. थर्मामीटर: एकशे दोन आणि दोन रेघा. आई भात मागते. साबुदाण्याची पेज दिली. म्हणाली, ही पेज नाही, खळ आहे, बापाच्या धोतराला लाव.

५ नोव्हेंबर
सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही वेळा एकशे दोन आणि दोन रेघा. चार्टवरची रेघ इतकी सरळ आली आहे की वर्गात मास्तरांचीही आली नव्हती.
पेशंटला बरे वाटते, ही काळजीची गोष्ट आहे. ताप आत दबून बसला असावा.

६ नोव्हेंबर
आई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडताना सापडली. हनुवटीला भाताचे शीत. घरात चौकशी. माझी बायको गिरजा म्हणाली, हव, देल्ला भात, वरण बी देल्लं, बुढी उपाशी मरून राहिली अन् तुमी रेघा ओढून राहिले.
वर्गात सांगितले होते की नातेवाइकांशी वाद घालू नये.

७ नोव्हेंबर
खात्रीसाठी गिरजाचे टेंपरेचर घेतले. एकशे दोन आणि दोन रेघा! बाबांचे घेतले. तेवढेच. आमचा गडी सुकराम याला बांधीतून बोलावले. त्याने आधी विचारले की ह्याने दात पडतात का. मग हातातला विळा न सोडता तोंड उघडले. एकशे दोन आणि दोन रेघा.
साथ!
शेवटी स्वतःचे घेतले. तेच. लगेच सर्वांग ठणकू लागले. पडून राहिलो. पडल्या पडल्या हुकूम दिला: घरात कुणी काम करायचे नाही, सर्वांनी पेज. बाबा म्हणाले, मले कायले ताप येईन, फाटेपासून भारे बांधून राहिलो मी. अन् धान कापाले का तुहा थर्मामीटर जाईन? सुकरामाने मात्र चांगला मुद्दा काढला. ताप आहे तर मालक, आज सुट्टी का?

८ नोव्हेंबर
दुसरे कार्ड. शामकलेला अधूनमधून कळा येतात. तिची सासू म्हातारी, डोळ्यांनी अधू. गावची सुईण कापणीसाठी दुसऱ्या गावी गेलेली. आईला ताबडतोब पाठवा.
उत्तर लिहिले: रुग्णा प्रवासास अयोग्य, क्षमस्व. एकही चूक नाही. दोनदा तपासले.
आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, तुह्या कागदानं लेकरू पोटात थांबन का रे? मी समजावले की माझी जबाबदारी तापाची आहे, पोटाची नाही. ती मला गाढव म्हणाली. चार्टमध्ये नोंद: चिडचिड वाढती.
नंतर भिंतीकडे तोंड करून पडली. खांदे हलत होते. विचारले तर म्हणाली, झोपली आहे.
खबरदारी म्हणून तिचे परगावी नेसायचे लुगडे पेटीत घालून किल्ली करदोट्याला बांधली. घर सगळे माझ्याविरुद्ध. असो. शास्त्र एकट्याच्याच बाजूने असते.

१० नोव्हेंबर, गुरुवार, पहाटे
साथीची खबर द्यायला सायकलने गोंदियाला निघतो आहे. केशोराव मास्तर, ज्यांनी वर्ग घेतला, त्यांना चार्ट दाखवीन. ते थक्क होतील.

तीच तारीख, दुपारी. गोंदिया, धर्मशाळेच्या ओट्यावर.
मास्तरांनी चार्ट पाहिला. थर्मामीटर मागितला. तो उजेडात धरून माझ्याकडे बघितले. मग हात तीन वेळा जोराने झटकला, कांडी स्वतःच्या तोंडात घातली आणि दोन मिनिटांनी मला दिली. साडेअठ्ठ्याण्णव.
मास्तर म्हणाले, अरे भोजराज, पारा चढला की आपण होऊन उतरत नाही, दर वेळी झटकावा लागतो, वर्गात रोज दाखवत होतो ना बेटा. म्हणजे पहिल्या दिवसाचा आईचा ताप मी दहा दिवस साऱ्या घराला मोजून दिला.
येथे माझे म्हणणे स्पष्ट नोंदवतो. झटकणे त्यांनी तोंडाने सांगितले नव्हते, हाताने केले होते. मी खाली मान घालून त्यांचा शब्द न् शब्द लिहीत होतो. जो लक्ष देऊन लिहितो त्याला दिसणार कसे? दोष शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. त्यांना तसे सांगितले. ते हसले, खोकला येईपर्यंत.
शिवाय, आईला ताप नाही याचा अर्थ काय? माझ्या शुश्रूषेने तो केव्हाच गेला. हे कुणी बोलत नाही.
आता घरी जाऊन आईला प्रवासाची परवानगी देतो.

तीच तारीख, संध्याकाळी. दवनीवाडा.
खाट रिकामी.
मी सकाळी वळणाआड गेलो आणि आईने सुकरामाला बैल जुंपायला लावले. गिरजाचे लुगडे नेसली. गोंदियाहून दुपारच्या आगगाडीने सौंदडला गेली. म्हणजे ती गोंदिया स्टेशनात बसली होती तेव्हा मी धर्मशाळेच्या ओट्यावर वर दिलेली नोंद करत होतो. गिरजाला विचारले, मला न विचारता काऊन जाऊ दिले? ती म्हणाली, तुमाले विचारलं असतं तं बुढी गेली असती का?
चार्टवर लिहिले: पेशंटला प्रवासाची परवानगी दिली. तारीख ९ घातली. कागद पूर्ण असलेला बरा.

१२ नोव्हेंबर
सौंदडहून कार्ड नाही. उद्या स्वतः जातो. बाळबाळंतिणीला शिकलेला माणूस हवा. वही, बोरिक पावडर, पट्ट्या, थर्मामीटर (झटकून) बरोबर.

१३ नोव्हेंबर, रविवार. सौंदड.
मुलगी झाली. १० तारखेला, आई पोचल्यावर तासाभरात.
शामकला खोलीच्या आतूनच बोलली, मला आत सोडले नाही. म्हणाली, दादा, नाळ गळ्याभोवती आली होती. दोन वेढे. लेकरू काळंनिळं. सासूबाईंना दिसेना, त्या देवाचं नाव घेत बसल्या. आईनं बोट घालून वेढे काढले, उलटं धरून पाठ चोळली, तवा पोर रडली. गाडी चुकली असती तर.

ओसरीत बसून वर्गाची वही सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळली. नाळेवर पान नाही.
आई बाहेर आली. तीन दिवस झोपली नसावी. थर्मामीटर खिशातच राहू दिला. ८ तारखेचे माझे पत्र खुंटीच्या तारेत अडकवलेले तिने मला दाखवले नाही, पण ते मला दिसले. मी काही बोलायच्या आत म्हणाली, आलास, बरं झालं, रिकामा आहेस ना?

१४ नोव्हेंबर
बाळाच्या कापडांची व्यवस्था माझ्याकडे सोपवण्यात आली आहे. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठी सतरा धुतली. बाया हसत होत्या. हसू द्या. स्वच्छता हा शुश्रूषेचा पाया आहे. उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात, एका रांगेत वाळत घातली.
आईने एकेक नाकाला लावून पाहिले. दोन परत दिली.
पुन्हा धुतली.