काकू दर श्रावणात काय मागते

२६ जुलै, शनि.
काकू तयार झाली! फोनवर केवढी मनधरणी. सटाण्याच्या घरची आमची कानबाई, खानदेशातली श्रावणात बसवतात ती देवी. स्थापना, रोट, बोळवण, सगळं शूट करू देणार. अट एकच, अंगात आलं की कॅमेरा बंद. "आंगमा येनं का ते बंद ठेवजो, पोरी. तवय मी मी नही ऱ्हास."
सरांना सांगितलं. विधींचा अभ्यास कॅमेऱ्याने करायचा हे खूळ माझ्या डोक्यात त्यांनीच भरलं, एम.ए.ला तेच गाइड. म्हणाले, "अर्थातच. लोकांचा विश्वास नसेल तर आपल्या फिल्मला काय अर्थ?" किती छान बोलतात.

३ ऑगस्ट, रवि., सटाणा
पहाटेपासून धावपळ. सर त्यांचा मोठा कॅमेरा घेऊन आले. पुढच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. "दिवा दिसला की लोक बुजतात." ही युक्ती लक्षात ठेवायची.
संध्याकाळी आरतीला काकूच्या अंगात आलं. मी माझा कॅमेरा बंद करून पिशवीत टाकला. सरांचा तिवईवर तसाच. "सर, बंद?" "बंद, बंद."
काकू दरवर्षी बोलते तेच बोलली. "ईले माहेरले धाडा." दोनदा. बायकांनी हात जोडले, काका "हो माय, हो माय" म्हणाले, कुंकू लावलं, झालं. माहेर मनमाडला, काही परदेशात नाही. कुठल्याशा लग्नात काकूच्या भावाकडून काकांना टॉवेल-टोपी द्यायची राहिली, त्यावरून येणं-जाणं तुटलं. मी शाळेत होते तेव्हा.
नंतर काकूला यातलं काही आठवत नाही. पाणी प्यायली, पदर सारखा केला आणि रोट वाढायला बसली.

४ ऑगस्ट, सोम.
आरम नदीत बोळवण. रोट म्हणजे देवीचा प्रसाद, तो भाऊबंदांतच संपवायचा असतो, म्हणून काकूने सरांसाठी वेगळी पुरणपोळी केली. निघताना सर तिच्या पाया पडले. काकू दिवसभर लाजत होती.

१९ सप्टें., शुक्र., नाशिक
विभागात फिल्म दाखवली. मी पहिल्या रांगेत, नवीन कुर्ता घालून.
मध्यावर काकू. मोकळे केस, घुमणारी, अगदी जवळून. आवाजही स्वच्छ. खाली इंग्रजी अक्षरं: हिला माहेरी पाठवा.
चालूच होता. पट्टीखाली दिवा लागलेला होता आणि मी विचारत होते, सर, बंद?
शेवटी माझं नाव, क्षेत्रकार्य साहाय्य. टाळ्या.
सगळ्यात चीड याची की शॉट चांगला आहे.

२० सप्टें., शनि.
सरांच्या केबिनमध्ये. "मधला तुकडा कापून विधीचा अभ्यास होत नाही. आणि संमती होतीच ना?"
"तेवढ्याचीच नव्हती."
"तू घरची आहेस म्हणून भावनिक होतेयस. त्या बाईला बोलायला दुसरी जागाच नाही. आपण तिचा आवाज जगापुढे नेतोय."
तिला विचारून न्या की, म्हणायचं होतं. "बरं सर" म्हणून बाहेर आले. स्वतःच्या जिभेचा संताप येतो कधीकधी. जिन्यात रडले. खोटारडा माणूस. आणि मी त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

२३ सप्टें., मंगळ.
सरांनी तोच तुकडा जाहिरात म्हणून इंटरनेटवर टाकलाय. भाऊबंदांच्या ग्रुपवर पोचला. काकांचा फोन, "घरची अब्रू येशीवर टांगी तू." सर खोटं बोलले हे सांगत होते तोवर फोन कट. आई म्हणते, महिनाभर तरी इकडे फिरकू नकोस.
काकूकडे बटणांचा फोन आहे. तिला अजून कुणी काही दाखवलेलं नाही.

२६ सप्टें., शुक्र.
काकूचा फोन.
"समदा मोबाइलमा दखतस, मी आली का गप व्हतस. ती तुनी फिलिम शे ना?"
"हो काकू."
"मी काय मांगस तिन्हामा?"
"तुला काय सांगतात घरचे?"
"कानबाई हिरव्या बांगड्या मांगस, आसं सांगतस."
म्हणून ती दर श्रावणात नव्या बांगड्या भरते होय! मला वाटायचं, हौस.
"माले दखाड," म्हणाली.

२८ सप्टें., रवि.
गेले सटाण्याला, आईचं न ऐकता. काका दारातच. "दखाडू नको." काकू आतून म्हणाली, "येऊ द्या तिले."
लॅपटॉप ओट्यावर ठेवला. लावायच्या आधी काकूने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला. पूर्ण पाहिलं. म्हणाली, परत लाव. परत पाहिलं.
मग काकांकडे वळली. "तुमले माहीत व्हतं?"
काका चप्पल घालून बाहेर गेले.
मग माझ्याकडे. "तुले बी?"
मी सरांचं सांगायला लागले, पट्टी, लाल दिवा, मला कसं फसवलं. काकू ऐकत होती. माझं संपल्यावर पुन्हा तेवढंच, "तुले बी माहीत व्हतं?"
हो म्हटलं.
बांगड्यांवरून हात फिरवत बसली. चहाचं विचारलं नाही. या घरात असं कधी झालेलं नाही.

३० सप्टें., मंगळ.
सरांचा मेसेज: फिल्म परदेशी महोत्सवात निवडली गेली, अभिनंदन. उत्तर दिलेलं नाही. काय देणार? तक्रार करायची म्हटलं तर त्यात काकूचं नाव पुन्हा चारचौघांत.
संध्याकाळी आईचा फोन. काकू काल पिशवी भरून स्टँडवर गेली होती. मनमाडची गाडी आली, गेली. दुसरीही गेली. दिवे लागायच्या सुमाराला घरी परतली. पिशवी अजून भरलेलीच, दाराशी.
"माझ्याबद्दल काही म्हणाली?"
आई आधी टाळत होती. मग म्हणाली, "पुढल्या वर्षी स्थापना झाल्यावर तू आत यायचं नाहीस, म्हणाली. कॅमेरा नसला तरी."