सात फुटांवरची करकर

अण्णा, आज तुमची लेन्स घेऊन मी लेकीबरोबर मुरारला गेलो होतो. तिथे एका गल्लीत रविवारी सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. बंद पडलेली घड्याळं, पितळी कुलुपं, रेडिओ, कुणाच्या तरी घरातलं मुलामा उडालेलं तबक. नव्या कॅमेऱ्यावर तुमची लेन्स बसावी म्हणून लेकीने एक अडॅप्टर मागवून दिला. हल्लीचे कॅमेरे माणसाचा डोळा कुठे आहे तेही स्वतःच शोधतात, पण तुमची लेन्स त्यांचं ऐकत नाही. तिची रिंग हातानेच फिरवावी लागते, आणि सात फुटांच्या आकड्यावर आली की ती अजून तशीच करकरते. कोपऱ्यावरचा कॅमेरे दुरुस्त करणारा म्हणाला, "भाईसाहब, ग्रीस सूख गया है, दस मिनट का काम है।" मी नको म्हणालो. 

पाटणकर बाजारातल्या तुमच्या जिन्यावरच्या स्टुडिओत मी आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि कापडाच्या दुकानातली नोकरी सोडून, मला सगळं येतं अशा थाटात आलो होतो. तुम्ही पहिल्याच दिवशी झापलंत. "डोळे फाडून बघू नकोस. आधी ऐक." मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. मग कळलं की तुम्ही लग्नात नेहमी सात फुटांवरच उभे राहता, फ्लॅश टाळता, प्रकाश यावा म्हणून लेन्सचं तोंड पूर्ण उघडता. त्यामुळे रिंग केसभर इकडेतिकडे झाली तरी चेहरा गेलाच. पुढे तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला तुम्ही घाबरत होता, आणि घाबरता हे कुणाला कळू देत नव्हता. मीच एक जाणून होतो. तुम्ही रिंग फिरवायचात, मी शेजारी उभा राहून करकर ऐकायचो; ती आली की फोकस बसला. "बसला का रे?" "बसला, अण्णा." एवढंच बोलणं. भरल्या मांडवात, सनईच्या आवाजातसुद्धा मला ती करकर ऐकू यायची. तुमच्या घरी वहिनी एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, "याचे कान आहेत तोवर तुमचे डोळे शाबूत." आणि माझ्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढली होती.

मग ते लष्कर भागातल्या एका जुन्या मराठी घराण्यातलं लग्न. अंतरपाट धरलेला आहे, शेवटचं मंगलाष्टक सुरू आहे, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. तो पडदा बाजूला होण्याआधी तुम्ही फोकस बसवून ठेवायचात, कारण मुलगी पहिल्यांदा वर बघते तो क्षण परत मिळत नाही. तुम्ही रिंग फिरवता आहात. मी ऐकतो आहे. करकर येत नाही. रिंग सातच्या अलीकडेच थांबली आहे. तुम्ही मान न वळवता विचारता, "बसला का रे?"

मी म्हणालो, "बसला, अण्णा."

माझ्या गळ्यात स्टुडिओचा दुसरा कॅमेरा होता, फ्लॅश लावलेला. तुमच्या खांद्यामागून मी तेच सगळं टिपत होतो. हार घालून होईपर्यंत तुम्ही रिंगला हात लावला नाहीत. मी सांगितलं होतं ना, बसला म्हणून.

फोटो बघायला मुलीचे वडील जिना चढून आले. एकेक धूसर फोटो त्यांनी काउंटरवर ठेवला. तुमचा मान ठेवून बोलत होते, तेच जास्त लागलं. "अण्णा, आता आराम करा ना तुम्ही. पोरीचा चेहराच नाही आला." तेव्हा मी माझ्या फोटोंचं पाकीट पुढे सरकवलं. ते खूश झाले. "अरे वा, हे तर या भाईनेच खेचलेत!" पुढची सगळी लग्नं, त्यांच्या सोयऱ्यांचीसुद्धा, मला मिळाली. आज हरिशंकरपुरममध्ये माझी लॅब आहे, तिची पहिली वीट त्या पाकिटाची.

तुम्ही महिन्याभरात स्टुडिओ बंद केलात. कुलूप लावायच्या दिवशी ही लेन्स रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "तू बसला म्हणालास म्हणजे तेव्हा बसलेलाच असणार. नंतर माझाच हात हलला. तू मनाला लावून घेऊ नकोस." तेव्हा सांगता आलं असतं. मी वाकून पाया पडलो, म्हणजे तोंड दिसणार नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

आज बाजारात एका घड्याळवाल्या म्हाताऱ्याने मला हाक मारली. "साहब, घड़ियाँ तो सब बंद हैं, मैं चालू हूँ. मेरा खींचो!" मी हसलो, सात फूट मोजून उभा राहिलो. माझाही उजवा डोळा आता धूसर झाला आहे, लेकीला ते माहीत आहे. मी रिंग फिरवली, थांबलो, बटण दाबलं, आणि मग लक्षात आलं की करकर आलीच नाही. लेक स्क्रीनवर वाकली. फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाली, "मस्त आलाय बाबा. एकदम शार्प." म्हातारा म्हणाला, "साफ़ आया न बिटिया?" "हाँ चाचा, एकदम साफ़."

माझ्या मागे तिच्या मोबाइलचा बारीकसा आवाज मी आधीच ऐकला होता. तिनेही त्याचा फोटो काढला होता, आणि तो नक्की स्वच्छ आला असणार. तिने मोबाइल खिशातून बाहेर काढला नाही. जाताना आपला नंबर म्हाताऱ्याला देऊन आली, मला न सांगता. तिने काढलेला फोटो तीच त्याला पाठवेल, माझा म्हणून.

खोटं तेच होतं, अण्णा. माझं आणि तिचं. वाटेत तिने विचारलं, "ही लेन्स तुमच्या अण्णांनी तुम्हालाच का दिली?" मी म्हणालो, "माझे कान चांगले होते म्हणून." तिला ते आवडलं. लॅबमध्ये तुमचा फोटो आहे, खाली 'आमचे गुरू' असं लिहिलं आहे, तेही तिला आवडतं.

हे पत्र लेन्सच्या डबीत ठेवतो आहे, रुमालाखाली. उद्या लेकीला वाचायला देईन असं लिहिणार होतो, पण ते मला जमेल की नाही, माहीत नाही. आणि एक वर लिहिलं नाही. त्या मांडवात करकर आली नाही, तेव्हा मी गडबडलो नव्हतो, अण्णा. मला बरं वाटलं होतं.