योगिनीला तुझ्याकडे पाठवू का?

कोपरी, ठाणे

प्रिय अक्का, नमस्कार.

आमची काळजी करू नकोस. ह्यांचं वर्षश्राद्ध नीट झालं. गच्चीवर पान ठेवलं, पण योगिनी मोबाइल धरून जवळच उभी, म्हणून कावळा येईना.

"अगं, मागे हो."

"आई, थांब ना, रील करतेय!"

ती खाली गेल्यावर कावळा आला. तिच्या रीलखाली अनोळखी लोकांनी रडून घेतलं. आम्ही दोघी मात्र बोललो नाही.

कॉलेजात ती दोन विषयांत नापास झालीय. पुस्तक समोर, बोट मोबाइलवर. तुमच्या वाडीत अजून रेंज नाही ना? फेरपरीक्षेपर्यंत तिला पाठवू का?

भावोजींचा गुडघा कसा आहे?

माझं काय, वाचनालयातली पुस्तकं आहेत. एकटीपुरता भात लावायची सवय नाही, तेवढी करून घेईन.

तुझी धाकटी,
शालन