बाकावरचा हंगाम

१८ ऑक्टोबर
उद्यापासून हंगाम सुरू. वय छत्तीस. गुडघे उत्तम (डावा). संकल्प : तळलेली केळी बंद. आणि यंदा बाकावर बसणार नाही. आजवर बसलो ते संघाची गरज म्हणून. नेरेइदाला हे सांगितलं. ती म्हणाली, बस की, पण उशी घेऊन जा, तुझी कंबर शेवटी मलाच चोळावी लागते. बायकोला बेसबॉल कळत नाही.

१९ ऑक्टोबर
बाकावर. आमचे मॅनेजर डॉन किल्वियो म्हणाले, फाउस्तो, तुला राखून ठेवलंय. बरोबर आहे. किमती वस्तू रोज कोण वापरतं?

२ नोव्हेंबर
शेवटच्या इनिंगला फील्डिंगला घेतलं. माझ्याकडे एकही चेंडू आला नाही. घाबरतात मला.
केळी खाल्ली. सासूबाईंनी केली होती, नाही म्हणणं बरं दिसत नाही.

११ नोव्हेंबर
डेव्ही आमचा शॉर्टस्टॉप, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर. बावीस वर्षांचा, माझ्या जागेवर खेळतो. बॅटिंगला जाण्याआधी दर वेळी येतो आणि विचारतो, काका, हा काय टाकणार? बाकावर बसून चेंडू टाकणाऱ्या पिचरकडेच बघत असतो मी, तेव्हा कळतंच. आजचा पिचर वळणारा चेंडू टाकण्याआधी कोपर अंगाशी घेत होता. सांगितलं. डेव्हीनं होमरन मारला. सगळ्या गावात, अख्ख्या सान पेद्रोत त्याचाच जयजयकार.
स्पर्धकाला मदत करणं बंद. उद्यापासून.

१२ नोव्हेंबर
सांगितलं. तोंडातून निघून गेलं.

३० नोव्हेंबर
डेव्हीचा घोटा मुरगळला. फार वाईट वाटलं. नवे बूट पुसून ठेवले. उद्या पहिल्यापासून मी!

१ डिसेंबर
हरलो. बॅटिंगला गेलो तितक्या वेळा आउट. दिव्यांचा त्रास. एक चेंडू पायांमधून गेला, मैदान उंचसखल आहे. बाकीचेही धडाधड आउट झाले. डेव्ही बाकावर मोबाइल बघत बसला होता, कुणाला काही सांगेना.
नंतर डॉन किल्वियो म्हणाले, आज डेव्हीपेक्षा तुझी उणीव जास्त भासली. म्हटलं, अहो, मी मैदानातच तर होतो. म्हणाले, तेच म्हणतोय.
म्हातारा थकलाय बिचारा.

५ डिसेंबर
डेव्ही परत आला. मी बाकावर. गुडघ्याला विश्रांती हवीच होती (उजवा). जिंकलो.

२१ डिसेंबर
साखळीतला शेवटचा सामना. हरलो की घरी. शेवटची इनिंग, बरोबरी, दुसऱ्या बेसवर आमचा माणूस. आणि डॉन किल्वियोंनी मला बोलावलं! याच क्षणासाठी मला राखून ठेवलं होतं.
त्यांनी खूण केली : बंट. म्हणजे बॅट फिरवायची नाही, चेंडूला नुसती टेकवायची. आपण आउट होतो, आपला माणूस एक बेस पुढे सरकतो. खूण दिसली नाही असं ठरवलं. पहिल्या चेंडूवर सगळी ताकद लावून बॅट फिरवली. नुसता वारा. स्टँडमधून एक बाई ओरडली, आजोबा, टेकवा हो नुसती!
खांदा भरून आला होता. टेकवली. चेंडू रेषेच्या कडेकडेनं गोगलगायीसारखा गेला. मी आउट, आमचा माणूस तिसऱ्या बेसवर. मग डेव्हीनं चेंडू लांब उडवला. तो झेलला गेला, पण आमचा माणूस तेवढ्यात धावत होम बेसवर पोचला, धाव झाली. जिंकलो! सगळ्यांनी डेव्हीला उचललं.
डॉन किल्वियो माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, असा बंट माझ्या संघात दुसऱ्या कुणाला जमत नाही. म्हटलं, मला होमरन मारायचा होता. म्हणाले, दिसलं ते. सगळ्या गावाला दिसलं.

१९ जानेवारी
पुढच्या फेरीत हरलो. मी खेळलो नव्हतो, याची नोंद असावी.

२० जानेवारी
डॉन किल्वियोंनी बोलावलं. पुढच्या वर्षी येशील का? साफ सांगितलं त्यांनी, बाकासाठीच. जागा तुझी पक्की, म्हणाले. मी ताठ उभा राहून म्हणालो, विचार करायला वेळ लागेल.
बाहेर आलो. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो. परत येऊन हो म्हणालो.
ते भात खात होते. मान डोलावली. म्हणाले, जाताना दार ओढून घे.